दोरा ओढू नका

खांदमळणीच्या संध्याकाळी मी ओसरीवर बैलांच्या झुली शिवत बसले होते. दुसऱ्या दिवशी पोळा. एका झुलीची कड उसवली होती, दुसरीचे गोंडे सुटले होते. बाहेर पावसाची भुरभुर, गोठ्यात हे बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळत होते आणि सरकी माझ्या पुढ्यात गोंड्यांवर झडप घालत होती. सरकी म्हणजे आमची मांजर. कापूस घरात भरलेला असताना त्या ढिगात जन्मली, अंगानं पांढरी, म्हणून सरकी.

सूनबाईनं चहाला हाक मारली. मी सुई दोऱ्यासकट झुलीत खोचली आणि आत गेले. परत आले तर सुई जागच्या जागी होती, दोरा नव्हता. सरकी खांबापाशी बसून जबडा हलवत होती आणि तोंडाच्या कडेला वीतभर लाल दोरा लोंबत होता.

मी तो धरला आणि ओढला.

थोडा आला, मग ताणला गेला. सरकी अशी ओरडली की हे गोठ्यातून धावत आले. दोरा तुटून माझ्या हातात राहिला. सालगड्यानं दुरूनच विचारलं, "कामून ओढायल्या वो माय?" त्याच्या बोलण्याकडे मी लक्ष दिलं नाही. सुई शाबूत आहे, मग दोऱ्यानं काय होतंय, उद्या-परवा शीवर पडून जाईल, असं म्हणून मी झूल पुरी केली.

या गोष्टीला तीन पोळे झाले. आमच्या हिमायतनगरात आणि आजूबाजूच्या गावांत मांजर पाळणारी घरं पुष्कळ आहेत, मांजराच्या आजाराबद्दल बोलणारं माणूस मात्र सापडत नाही. म्हणून माझ्याकडून काय काय चुकलं ते उघडपणे सांगते.

पोळ्याच्या सकाळी सरकीनं दूध घेतलं आणि लगेच ओकून टाकलं. मी एरंडेल चमचाभर तिच्या तोंडात घातलं, आतडं सुटेल म्हणून. तेही तिनं फेसासकट बाहेर काढलं. त्या दिवशी घरात पुरणाचा घाट, बैल सजवायचे, गावातून मिरवायचे, ओवाळायचे. सरकी धान्याच्या कणगीमागं जाऊन बसली. आम्हाला वाटलं, ढोल-ताशाला घाबरली. करीच्या दिवशी ती तिथंच होती, पाठीला कुबड काढून, पाय पोटाखाली घेऊन. लाळ गळत होती. हाक मारली तर कान हलायचा, मान नाही.

त्या दोन दिवसांत मला काळजी वाटली नाही असं नाही. पण माझ्या डोक्यात हिशोब गाईचा होता. आमच्या एका गाईच्या पोटात लोखंडी तार गेली होती. पंधरा दिवस ती कमी खात होती, उठता-बसता कण्हत होती. मग डॉक्टरांनी पोट उघडून तार काढली आणि गाय पुढं तीन वेत व्याली. गाईचं दुसरं पोट जाळीसारखं असतं. खिळा, तार, जड काही गिळलं की तिथं जाऊन पडतं. ते हृदयाकडे सरकू नये म्हणून गाईला लोहचुंबक गिळायला देतात, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला ठाऊक असतं. मांजराचं पोट एकच, आतडं करंगळीएवढं, आणि वजन सारं मिळून तीन-चार किलो. गाईला जे पंधरा दिवस चाललं ते मांजराला दोन दिवसही चालत नाही. तेवढं मला कळायला हवं होतं.

चौथ्या दिवशी पहाटे भाड्याची गाडी करून भोकरमार्गे नांदेड गाठलं. कुत्र्या-मांजरांची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर तिथं होते. त्यांनी आधी सरकीचं तोंड उघडलं, खालच्या जबड्याच्या दोन हाडांमध्ये बाहेरून अंगठा दाबला, त्याबरोबर जीभ वर उचलली गेली. जिभेच्या मुळाशी लाल दोऱ्याचा फास होता. मांसात रुतलेला. तीन दिवस तो तिथंच होता आणि मी एकदाही बघितलं नव्हतं.

"मावशी, परकराच्या नेफ्यातली नाडी एका टोकाला गाठ मारून दुसरीकडून ओढली तर काय होतं?" त्यांनी विचारलं.

"चुण्या पडतात," मी म्हणाले.

"हिच्या आतड्याच्या तशा चुण्या पडल्यात."

पुढं त्यांनी जे समजावलं ते मी जन्मात विसरणार नाही. मांजराच्या जिभेवर काटे असतात आणि त्यांची टोकं घशाकडे वळलेली असतात. त्यामुळे दोरा एकदा जिभेवर चढला की तिला थुंकायचं म्हटलं तरी थुंकता येत नाही, जीभ हलेल तसा तो आतच जातो. त्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या खालच्या तोंडाशी अडकतं. उरलेला दोरा आतडं पुढं ढकलत राहतं. दोरा पुढं जात नाही, मग आतडंच त्याच्यावर गोळा होत जातं. ताणलेला दोरा आतड्याला आतून करवतीसारखा कापतो. छिद्र पडलं की आतली घाण पोटात पसरते. सुई लागतच नाही, नुसता दोरा पुरतो. आणि कोणी बाहेरून ओढला तर ती करवत एका झटक्यात चालते.

एक्स-रेमध्ये सुई दिसते, सुती दोरा दिसत नाही. आतडं एका जागी गोळा झालेलं तेवढं दिसतं, सोनोग्राफीत चुण्या अधिक नीट कळतात. डॉक्टरांनी पोट उघडलं तेव्हा आतड्याला दोन ठिकाणी छिद्रं होती. सरकी दीड दिवस जगली.

आता वाचणाऱ्यांना सांगते.

दोरा तोंडातून लोंबत असो की शीच्या जागेतून, ओढायचा नाही. तोंडातला तसाच राहू द्या, डॉक्टरांना त्याचा माग लागतो. मागून लोंबणारा पायात अडकण्याइतका लांब असेल तर कात्रीनं आखूड करा, पण ताण देऊ नका. मांजर शांत असेल तर वर सांगितलं तशी जीभ उचलून खाली बघा. चावायला आली तर हट्ट करू नका, बघायचं काम डॉक्टरांवर सोडा.

एरंडेल, गोडेतेल, केळं, भात, दूध यातलं काहीही घालू नका. जबरदस्तीनं ओतलेलं तेल फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. मिठाचं पाणी पाजून उलटी करवायची रीत काही घरांत आहे. त्यानं रक्तातलं मीठ वाढून मांजर दगावू शकते. जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड मांजराच्या जठराला भाजून काढतं. उलटी करवायचीच असेल तर डॉक्टर इंजेक्शन देऊन करवतात, तीही वस्तू बोथट असेल आणि गिळून फार वेळ झाला नसेल तरच. सुई, काच, खिळा असेल तर उलटी करवत नाहीत, कारण येताना ती वस्तू घसा फाडते. खायला घालू नका हे आणखी एका कारणासाठी: भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं.

श्वासच अडकला असेल तर गोष्ट वेगळी. मांजर तोंड उघडून धापा टाकते, हिरड्या निळसर होतात. अशा वेळी जीभ पुढं घेऊन बघा. वस्तू समोर, सुटी दिसली तर चिमट्यानं काढा. दिसत नसेल तर घशात बोट खुपसू नका, ती आणखी आत जाते. डोकं खाली धरून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळव्यानं थापा द्या आणि देत देतच गाडीकडे चला.

फोन आधी करा. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या हाताखालून रोज गाई-म्हशी जातात. मांजराला भूल देऊन पोट उघडायची सोय सगळीकडे असेलच असं नाही. ती नसेल तर कुठं आहे हे तेच सांगतात. जनावरांसाठीचा सरकारी टोल-फ्री नंबर १९६२ आहे. आपल्या भागाला परभणी आणि उदगीर इथली पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, दोन्ही नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची. फोनवर एवढंच विचारायचं: आत्ता डॉक्टर आहेत का, एक्स-रे आहे का, मांजराची शस्त्रक्रिया होते का. बंद दारापुढं उभं राहून गेलेले दोन तास परत मिळत नाहीत.

नेताना उरलेलं रीळ, फाटलेलं खेळणं, औषधाची पट्टी, जे गिळलं असेल त्याचा जोड सोबत घ्या. किती वाजता गिळलं, किती वेळा उलटी झाली, शी कधी झाली, हे कागदावर लिहा. घाईत काही आठवत नाही. मांजर न्यायला पेटी नसेल तर टोमॅटोची दोन कॅरेटं एकमेकांवर उपडी घालून सुतळीनं बांधा, आत जुनं लुगडं अंथरा. आम्ही सरकीला मांडीवर नेलं होतं. भोकरच्या पुढं ती घाबरून सीटखाली शिरली आणि तिला बाहेर काढायला गाडी थांबवावी लागली.

मांजर दुखणं लपवते. बैल कण्हतो, कुत्रं केकाटतं, मांजर अंधारा कोपरा धरते. म्हणून पुन्हा पुन्हा उलटी, खाण्यावरून तोंड फिरवणं, पंजानं तोंड घासणं, लाळ, कुबड काढून बसणं, शी न होणं यातलं काहीही दिसलं तर तोच दिवस धरा. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठते, आणि जाड मांजराला त्याचा धोका जास्त. दोऱ्यातून वाचलं तरी ते दुसरं दुखणं मागं लागतं.

दोऱ्याहून घाईच्याही वस्तू आहेत. घड्याळातली आणि खेळण्यातली चपटी बटण-बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर काही तासांत मांस जाळते. दोन लोहचुंबक गिळले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांना मध्ये धरून चिमटतात. पॅरासिटामॉलची ५०० मिलीग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरेशी आहे, मग ती खाली पडलेली चाटलेली असो की ताप आला म्हणून कोणी मायेनं दिलेली. उंदराचं औषध आणि कपाशीवरच्या फवारणीचे डबे तर आपल्या प्रत्येक घरी. यातलं काही पोटात गेलं तर लक्षणांची वाट बघायची नाही, डबा उचलायचा आणि निघायचं.

आणि आपल्या घरात दोरा कुठं कुठं असतो ते बघा. राखीचा रेशमी धागा. गजरा सुकला की उरणारा दोरा. देवाच्या हाराचा दोरा. संक्रांतीचा मांजा. महाशिवरात्रीला गावच्या परमेश्वराच्या यात्रेतून लेकरं आणतात त्या रिबिनी आणि फुग्यांचे दोर. आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या काळात यात्रेत मातीची खेळणी मिळायची. आता घरी परतलेल्या पिशवीत प्लास्टिकच फार. सण झाला की घर झाडतो तसं हे सगळं त्याच रात्री गोळा करून झाकणाच्या डब्यात टाकावं.

गेल्या वर्षी रक्षाबंधनाला माझ्या लेकीच्या सासरी त्यांच्या बोक्यानं राखी गिळली. तिनं मला फोन केला तेव्हा ती रस्त्यातच होती. तिनं काही ओढलं नव्हतं, काही पाजलं नव्हतं, दुसरी तशीच राखी पिशवीत घेतली होती. तासाभरात डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, बोक्यानं राखी मण्यांसकट ओकून टाकली. संध्याकाळी तो घरी येऊन जेवला.

सरकीच्या पोटातून निघालेला दोरा मी मोजला होता. सव्वा हात होता. तुमच्या शिवणाचा डबा आत्ता उघडा असेल तर हे वाचणं बाजूला ठेवा आणि आधी त्याचं झाकण लावून या.