खुर्चीचा शीण आणि पोत्याचा शीण



आज गीतेच्या अठराव्या अध्यायातला 24 वा श्लोक. काल 23 व्या श्लोकात सात्त्विक कर्म पाहिलं, आज राजस. भगवंत राजस कर्माच्या खुणा सांगतात: फळाची हाव धरून केलेलं, किंवा 'मी करतोय' या तोऱ्यात केलेलं, आणि भरपूर आटापिटा करून केलेलं. या शेवटच्या खुणेसाठी मूळ शब्द आहे 'बहुलायास'. बहुल म्हणजे पुष्कळ, आयास म्हणजे कष्ट, शीण.

हा शब्द मला बरीच वर्षं खटकायचा. कष्ट पुष्कळ म्हणून कर्म राजस होत असेल, तर आमच्या आप्पांनी जन्मभर जे केलं ते सगळंच राजस म्हणायचं का? आप्पा माथाडी कामगार. गाव पाटण तालुक्यातलं, काम आधी मशीद बंदरला, मग बाजार वाशीला हलला तसे तेही वाशीला. गाडी आली की टोळीनं पोती उतरवायची, डोक्यावर घ्यायची, गोदामात थप्पी लावायची. तीसेक वर्षं हेच.

आणि मी दिवसभर एसीत बसून एक्सेलच्या शीट जुळवणारा.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी घरी आलो आणि सोफ्यावर आडवा झालो. साडेसातला आमच्याकडे हरिपाठ असतो. आप्पा म्हणाले, "चल, बस हरिपाठाला." मी म्हटलं, "आज नको आप्पा, फार दमलोय." ते हसले. "दमलास? कशानं रं? खुर्चीनं?"

त्यांनी ते गमतीनं विचारलं होतं. पण दिवस वाईट गेला होता, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्हाला नाही कळायचं. पोती उचलायला डोकं लागत नाही."

आप्पा काही बोलले नाहीत. टाळ घेतले आणि एकटेच हरिपाठाला बसले. मी मोबाईल हातात घेऊन तिथेच पडून राहिलो. आतून लाज वाटत होती, तरी उठलो नाही. त्या रात्री झोप लागायला दोन वाजले.

म्हणून आजचा श्लोक वाचताना मी स्वतःलाच विचारलं, मी खरंच दमलो होतो की नाटक करत होतो?

दमलो होतो, हे खरं. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण 2 टक्के असतं, पण शरीर जेवढी ऊर्जा वापरतं त्यातली जवळजवळ 20 टक्के तो एकटा घेतो. गंमत अशी की अवघड विचार केला म्हणून हा खर्च फारसा वाढत नाही. मग शीण येतो कुठून? पॅरिसमधल्या काही संशोधकांनी 2022 मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना दिवसभर डोक्याला ताण देणारी कामं दिली, काहींना तशीच पण सोपी. ताणाचं काम करणाऱ्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात ग्लुटामेट नावाचं रसायन जास्त साठलेलं आढळलं, आणि संध्याकाळी ते कमी मेहनतीचं, लगेच मिळणारं बक्षीस जास्त निवडू लागले. हे वाचून मला माझा सोफा आणि रील्स आठवले. सारखं लक्ष लावून बसावं लागतं, मन आवरावं लागतं, ती शक्तीच संध्याकाळपर्यंत ढिली पडते. आणि जपाला, पाठाला नेमकी तीच लागते.

आप्पांचा शीण वेगळा. त्यांच्या स्नायूंमधला साठा संपायचा, अंग ठणकायचं. घरी आले की गरम पाणी, चार भाकऱ्या, आणि पाठ टेकली की घोरणं सुरू. शरीर थकलं की ते स्वतःच झोप मागून घेतं. माझं उलटं होतं. अंग दिवसभर हललेलंच नसतं, त्यामुळे त्याला झोप नको असते, आणि डोकं मात्र बंद पडायला आलेलं असतं. अशा वेळी आपण विश्रांती म्हणून काय करतो? पुन्हा स्क्रीनच बघतो! ज्या डोळ्यांना आणि ज्या डोक्याला सुट्टी हवी, त्यांनाच ओव्हरटाइम.

अजून एक फरक, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आप्पा सांगतात, पोतं डोक्यावर असताना तोंड मोकळं असायचं, मनात नाम चालायचं. आपल्या संतांचे व्यवसाय आठवा. सावता महाराज अरणच्या मळ्यात, गोरोबाकाका तेरला चाकावर, जनाबाई जात्यावर. हात गुंतलेले, वाणी मोकळी. आपलं काम मात्र शब्दांचं आणि लक्षाचं. मेल लिहिताना मनात दुसरं काही चालू ठेवलं तर मेल तरी चुकतो नाहीतर नाम तरी. त्यामुळे "काम करता करता नाम घ्या" असं कुणी म्हटलं की ऑफिसातली मुलं मनातल्या मनात अपराधी होतात. मला वाटतं, ते अपराधीपण सोडून द्यावं. आपल्याला वेळ वेगळा काढावाच लागेल.

पण म्हणून अंगमेहनतीचे गोडवेही गायला नकोत. आप्पांची मान आणि गुडघे बघितले की कळतं. 1969 च्या माथाडी कायद्यामुळे निदान त्यांच्या हातात फंड, ग्रॅच्युइटी आली. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या नशिबी तेही नाही.

आता पुन्हा श्लोकाकडे येऊ. माउलींनी ज्ञानेश्वरीत या ठिकाणी फार मजेशीर दृष्टान्त दिलेत. एका कणासाठी उंदीर सगळा डोंगर उपसतो. शेवाळासाठी बेडूक समुद्र ढवळायला निघतो. गारुड्याला भिकेपलीकडे काही मिळत नाही, तरी तो साप वाहत फिरतो. आणि मग माउली म्हणतात की काय करणार, काहींना शीणच गोड लागतो! इथे मी थांबलो. "काय बिझी आहे रे मी" असं सांगताना आपल्या आवाजात तक्रार किती असते आणि मिरवणं किती?

त्या दिवसाचा हिशेब मांडला. शीट जुळवायचं खरं काम चार तासांचं. बाकीचा वेळ माझं प्रेझेंटेशन दुसऱ्यानं स्वतःचं म्हणून दाखवलं का, वरिष्ठांनी मेलला उत्तर का दिलं नाही, अप्रेझलला काय होईल, यात गेला. काम ऑफिसात संपलं होतं. हे मात्र मी लोकलमधून घरापर्यंत वाहून आणलं.

दुसऱ्या दिवशी हे आप्पांना सांगितलं. आधी माफी मागितली, पण ती त्यांनी धड ऐकूनच घेतली नाही. श्लोकाचा अर्थ मात्र नीट ऐकला. मला वाटलं म्हणतील, "आमचं बरं होतं, असलं काही नव्हतं." तर म्हणाले, "आमच्यात बी होतं की. तिशीत असताना पैज लावून दोन पोती एकदम उचलली मी. टोळीनं शिट्ट्या मारल्या. कंबर गेली ती तवापासनं. रोजच्या पोत्यांनी नाय गेली, त्या एका जादा पोत्यानं गेली."

माझी शंका तिथे मिटली. 'बहुलायास' म्हणजे रोजचं पोतं नव्हे, की रोजची शीटही नव्हे.

आता ऑफिसातून येताना स्टेशनपासून रिक्षा करत नाही, वीस मिनिटं चालत येतो, फोन खिशात. आणि हरिपाठाला बसत नाही, उभा राहतो. टाळ वाजवायचे, पावलं टाकायची, मोठ्यानं म्हणायचं. बसून डोळे मिटले की माझ्या डोक्यात शीटच दिसतात, उभं राहिलं की अंगाला काम मिळतं आणि डोकं जरा गप्प होतं. तुमच्याकडे टाळ नसतील तर टाळ्या चालतील. काल पहिल्यांदाच आप्पांच्या आधी माझा आवाज चढला, तर ते म्हणाले, "ताल सोडू नगं."

उद्या 25 वा श्लोक, तामस कर्माचा. आपली कुवत न बघता हाती घेतलेल्या कामाचा उल्लेख त्यात आहे, म्हणजे आप्पांची ती दोन पोती उद्याही लागणार.

राम कृष्ण हरी!