घरांतील आग व भाजणें

शेतांतील पिकाच्या राखणीस आपण रात्रभर जागतों. परंतु तें पीक ज्या घरांत येऊन पडतें त्याच्या रक्षणाचा विचार बहुधा आग लागल्यावरच सुचतो. खेड्यापर्यंत आगीचा बंब पोहोंचण्यास वेळ लागतो, आणि माणसांचें व घराचें जें बरें-वाईट व्हावयाचें तें बहुधा त्यापूर्वींच होऊन जातें. यास्तव पहिल्या कांहीं मिनिटांत काय करावें हें घरांतील लहानथोर सर्वांस आधींच ठाऊक असलें पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

आगीस जळण, उष्णता व हवा या तीन गोष्टी लागतात. यांपैकीं एक काढून घेतली कीं आग विझते. पुढील सूचनांचें मूळ यांतच आहे.

चुलीजवळ काटक्या, गोवऱ्या वा रॉकेल ठेवूं नये. स्वयंपाक करितांना पदर खोंचलेला व वस्त्र सुती असावें. कृत्रिम धाग्याचें वस्त्र वितळून कातडीस चिकटतें. राख पाण्यानें पुरती विझविल्यावांचून उकिरड्यावर टाकूं नये. कडब्याची गंजी घरापासून दूर रचावी. ओलसर वैरण आंतून तापते व क्वचित् आपोआप पेट घेते. मुलांच्या स्नानास आधीं थंड पाणी घेऊन मग त्यांत कढत ओतावें.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षां जड असल्यानें गळल्यास जमिनीलगत सांचतो. वास येतांच रेग्युलेटर बंद करून दारें-खिडक्या उघडाव्या. विजेचें बटण लावूं नये, तसेंच बंदही करूं नये, ठिणगी पुरते. बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावें.

कढईंतील तेल पेटल्यास त्यावर पाणी ओतूं नये. पाणी तळाशीं जाऊन त्याची एकाएकीं वाफ होते. ती पाण्याच्या सुमारें १७०० पट जागा व्यापते व जळतें तेल चोहोंकडे उडवते. जाळ बंद करून कढईवर झांकण सरकवावें आणि ती निवेपर्यंत हलवूं नये. विजेच्या आगींत प्रथम मेन स्विच बंद करावा. त्यापूर्वीं पाणी मारूं नये.

अंगावरील कपडे पेटल्यास धांवूं नये. वाऱ्यानें ज्वाळा वाढते. जमिनीवर आडवें होऊन लोळावें, व जवळच्या मनुष्यानें घोंगडी घट्ट गुंडाळावी. लोंकर सहजीं पेटत नाहीं.

भाजलेल्या भागावर ताबडतोब साधें गार पाणी २० मिनिटें वाहूं द्यावें. आग विझली तरी उष्णता मांसांत उतरत राहते. ती पाण्यानें निघते. तूप, हळद, टूथपेस्ट वा बर्फ लावूं नये. सूज येण्यापूर्वीं बांगड्या व अंगठ्या काढाव्या. चिकटलेलें कापड ओढूं नये, फोड फोडूं नये. स्वच्छ कापडानें सैल झांकावें व बाकीच्या अंगास ऊब द्यावी. लहान मूल भाजलें असल्यास, किंवा तोंड, हात वा बराचसा भाग भाजला असल्यास, तसेंच विजेनें भाजल्यास, दवाखान्यांत नेण्यास विलंब करूं नये. महाराष्ट्रांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

आमचे बहुतेक वाचक दिवसा शेतांत असतात. घरीं त्या वेळीं स्त्रिया, मुलें व वृद्ध असतात. सबब हा लेख त्यांस वाचून दाखवावा, मेन स्विच व रेग्युलेटर बंद करण्याची रीत त्यांजकडून करवून घ्यावी, आणि घोंगडी व भरलेली घागर यांची जागा आजच ठरवावी, अशी आमची विनंति आहे.