धीर म्हणजे गप्प बसणे नव्हे

वाचन : ईयोब 3, रोमकरांस पत्र 5:1-5, 2 करिंथकरांस पत्र 12:7-10



दुःखी माणसाला आपण सहज सांगतो, "धीर धरा, देव सगळे ठीक करील." पण ठीक झालेच नाही, तर?

हा प्रश्न आपल्या लालबागला नवा नाही. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. पुढे एकेक भोंगा थांबला आणि हजारोंची नोकरी कायमची गेली. अशा घराला धीराचा धडा आपण कोणत्या तोंडाने सांगावा? पवित्र शास्त्र इथे तीन गोष्टी शिकवते.

1. धीर म्हणजे गप्प बसणे नव्हे. संत याकोब धीराचा दाखला म्हणून ईयोबाचे नाव घेतो (5:11). पण ईयोब गप्प कुठे होता? तो आपल्या जन्मदिवसालाच शाप देतो. देवाशी भांडतो, पण देवाला सोडून जात नाही. शेवटी देवाचा कोप होतो तो दुःखाची सोपी कारणे सांगणाऱ्या मित्रांवर (42:7). म्हणून प्रार्थनेत रडायला, जाब विचारायला आपण भिऊ नये.

2. धीराचे फळ म्हणजे हवे ते मिळणे नव्हे. शरीरातला काटा निघावा म्हणून संत पौलाने तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. तो सोसण्याइतकी कृपा मिळाली. गेथशेमानी बागेत प्रभू येशूचा प्यालाही टळला नाही. आपली आशा यशावर नव्हे, आपल्या अंतःकरणात ओतलेल्या देवाच्या प्रेमावर उभी आहे. म्हणूनच हरलेल्या माणसालाही ती धरून ठेवता येते.

3. धीर एकट्याने धरवत नाही. गिरण्या बंद असतानाही गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांनी कामगारांना उधारीवर जेवू घातले. अशाच बायकांना घेऊन 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. त्या बहुतेक ख्रिस्ती नव्हत्या. पण एकमेकांची ओझी वाहा, ही गलतीकरांस पत्रातली (6:2) शिकवण त्यांच्या ताटात दिसली. "धीर धरा" म्हणण्याचा अधिकार अशा वाढलेल्या ताटातून येतो.

जवळच परळला टाटा हॉस्पिटलबाहेर गावोगावचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक फुटपाथवर दिवस काढतात. आपल्या चाळीतही कुणीतरी अंथरुणाला खिळलेले असते.

या आठवड्यासाठी :
• देवाला विचारायचे राहून गेलेले कोणते दुःख आपण मनात दाबून ठेवले आहे?
• उपदेश न करता आपण कुणाजवळ अर्धा तास बसू शकतो?

प्रार्थना : हे प्रभो, आमचे दुःख तू लगेच दूर केले नाहीस, तरी आम्हांला तुझ्यापासून दूर होऊ देऊ नकोस. आणि शेजाऱ्याच्या दुःखात आम्हांला त्याच्याजवळ ठेव. आमेन.