‘मस्त आहे’च्या पुढचं ऐकायचं कसं?

प्रश्न : घरीच बासरी आणि तबला ध्वनिमुद्रित करून धून तयार करतो. मित्र ‘मस्त’ म्हणतात, एकाला ‘काहीतरी खटकलं’. उपयोगी अभिप्राय कसा मिळवावा?

उत्तर : मोघम प्रश्नाला मोघमच उत्तर येतं. ‘कशी वाटली?’ऐवजी ‘दुसऱ्या मिनिटाला तबल्याखाली बासरी दबते का?’ असं विचारलं, की ऐकणाऱ्याचा कान नेमक्या जागी जातो.

ज्याला खटकलं, त्याच्याकडून मिनिट-सेकंद विचारून घ्यावेत. वाद्यसंगीतात शब्दांचा आधार नसतो, त्यामुळे लक्ष कुठे सुटलं हे कळणं फार मोलाचं. कारण सांगता आलं नाही तरी चालेल.

आवाजाची पातळी मात्र धून करणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने सारखी ठेवावी. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३मध्ये दाखवून दिलं, की आवाज कमी असला की खर्जातले स्वर कानाला तुलनेने फारच क्षीण ऐकू येतात. म्हणूनच मोठ्याने लावलेली धून उगाच भरदार वाटते. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर तर डग्ग्याचा घुमार जवळपास हरवतोच. ‘ठेका पोकळ आहे’ असा शेरा देण्याआधी ऐकणाऱ्याने हेडफोन लावलाच पाहिजे.

सूचना ऐकताना समर्थन करू नये. दोघातिघांनी स्वतंत्रपणे तीच जागा दाखवली, तर ती नक्की सुधारावी. उपाय मात्र स्वतःच्या कानाने ठरवावा.