ट्यूब पेटत नाही म्हणून व्होल्टेज चढवायला निघालीस?

अगं, त्या वायरमनला अजून पैसे दिले नसशील तर देऊ नकोस. लाइट गेली की शिलाईच्या दुकानातली ट्यूब इन्व्हर्टरवर नुसती फडफडते, म्हणून तो पुढे एक स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर जोडणार म्हणे. जोडला तर ट्यूब पेटेलही. पण भुर्दंड बॅटरीला.

तुझी ती चार फुटी ट्यूब तांब्याच्या चोकची आहे ना? लिहिलेलं असतं ३६ वॅट, वर चोक दहाएक वॅट स्वतःच खातो. शिवाय त्याचा पॉवर फॅक्टर जेमतेम ०.५, म्हणजे तुझ्या एवढ्याशा इन्व्हर्टरवर जवळजवळ १०० व्हीएचा भार. ट्रान्सफॉर्मर वीज तयार करत नाही गं. इन्व्हर्टरमधून येणाऱ्या २०० चे २३० व्होल्ट करायचे तर तो ट्यूबला देतो त्याहून पंधरा टक्के जास्त करंट इन्व्हर्टरकडून ओढणार. बॅटरी आणखी दबणार आणि अर्ध्या ब्लाउजवर अंधार.

खरी गळती बहुतेक बारा व्होल्टच्या बाजूला असते. स्वस्त इन्व्हर्टरमध्ये आउटपुट बॅटरीच्या मागे मागे चालतं. १२ चे २३०, म्हणजे तिकडे एक व्होल्ट गेला की इकडे एकोणीस गेले! म्हणून ट्यूब चालू करून आधी बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर लाव, मग जिथे वायर इन्व्हर्टरला जोडलीय तिथे. दोन्हींत अर्ध्या व्होल्टचा फरक निघाला तर वायर बारीक आहे किंवा लग सैल. टर्मिनलवरची पांढरी बुरशी सोड्याच्या पाण्याने धू, पण सोडा बॅटरीच्या आत जाऊ देऊ नकोस. बॅटरीच्या टर्मिनलवरच अकराच्या खाली आकडा आला, तर ती एकदा पूर्ण चार्ज करून बघ. तरी तेच, तर बॅटरी म्हातारी झालीय.

आउटपुट मोजताना साध्या मीटरवर विसंबू नकोस. लहर चौकोनी असेल तर तो अकरा टक्के वाढवून सांगतो.

आणि फिटिंगमध्ये पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर असेल तर इन्व्हर्टरवर तो मुळीच नको. चौकोनी लहरीच्या प्रत्येक उडीला तो करंटचा झटका घेतो, इन्व्हर्टरमधले मॉस्फेट उडतात. इन्व्हर्टर उघडून आतला व्होल्टेजचा प्रीसेट फिरवायचा शहाणपणा तर कुणालाच करू देऊ नकोस.

मला विचारशील तर चोकवर आता खर्चच करू नये. २० वॅटची एलईडी बॅटन घे. खोक्यावर इनपुट व्होल्टेजची मर्यादा वाच. १०० पासून ३०० पर्यंत चालणाऱ्या मिळतात, त्यांना तुझे २०० व्होल्ट कळणारही नाहीत. जुन्याच पट्टीत एलईडी ट्यूब बसवायची असेल तर तिच्यावरच्या आकृतीप्रमाणेच जोडायला सांग, चोक आत ठेवायचा की काढायचा ते तिथे दिलेलं असतं. मशीनच्या मोटरचं मात्र प्रकरण वेगळं आहे, ती या इन्व्हर्टरवर लावण्याआधी मला फोन कर.