पाच व्होल्टच्या पिनचे रक्षण

क्रांती चौकातून जालना रस्त्याने पूर्वेस गेल्यास चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत लागते, पश्चिमेकडे वाळूजची. अशा कारखान्यांतील यंत्रांवरचे सेन्सर सामान्यतः 24 व्होल्टवर चालतात. विद्यार्थ्यांच्या हाती येणारा आर्डुइनो उनो हा बोर्ड मात्र 5 व्होल्टचा आहे. भंगारातून मिळालेल्या सेन्सरची संकेताची तार त्याच्या पिनला थेट जोडल्यास चिप कायमची निकामी होऊ शकते. वसतिगृहातील मुलाजवळ दुसरा बोर्ड सहसा नसतो. बोर्डाबरोबर त्याचा उत्साहही जळतो. म्हणून हा छोटासा पाठ.

या बोर्डावरील एटीमेगा 328पी या मायक्रोकंट्रोलरच्या इनपुट पिनवरील दाब पुरवठ्याच्या दाबाहून 0.5 व्होल्टपेक्षा अधिक वाढता कामा नये. म्हणजे येथे मर्यादा 5.5 व्होल्ट. चिपच्या आत पिनपाशी संरक्षक डायोड असतो. दाब वाढताच तो जादा विद्युतधारा पुरवठ्याच्या तारेकडे वळवितो. परंतु त्याच्यावर 1 मिलिअँपिअरहून अधिक धारेचा भार टाकू नये. बाहेर रोध नसेल, तर धारेला आवर राहत नाही.

उपाय दोन रोधांचा आहे. संकेताची तार आणि पिन यांच्यामध्ये 47 किलोओहमचा, तर पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये 10 किलोओहमचा रोध जोडावा. सेन्सरच्या पुरवठ्याचे ऋण टोक बोर्डाच्या ग्राउंडला जोडलेले असावे. आता पिनवर 24 × 10 ÷ 57, म्हणजे सुमारे 4.2 व्होल्ट येतात. चिप 3 व्होल्ट व त्यावरील दाब ‘चालू’ असा वाचते, त्यामुळे संकेत हरवत नाही. पुरवठा 28 व्होल्टपर्यंत चढला, तरी पिनवर 4.9 व्होल्टच पोहोचतात. ग्राउंडकडील सांधा सुटला, तरी मोठ्या रोधामुळे डायोडमधून सुमारे 0.4 मिलिअँपिअर एवढीच धारा जाते.

ईएसपी32 हा बोर्ड 3.3 व्होल्टचा असल्याने त्यासाठी गणित नव्याने मांडावे. तार लांब असेल किंवा जवळ मोटर चालत असेल, तर ऑप्टोकपलर वापरावा. त्यात संकेत प्रकाशाच्या रूपाने पलीकडे जातो आणि दोन्ही बाजूंचा विद्युतसंबंध तुटलेला राहतो. घरातील 230 व्होल्टला मात्र ही जोडणी कदापि लावू नये. तेथे प्रश्न चिपचा नसून जिवाचा असतो.

पालकांनी मुलाला बोर्डाबरोबर एक साधा मल्टीमीटरही घेऊन द्यावा. आधी मोजावे, मग जोडावे, ही सवय लागली की बोर्ड वाचतो आणि शिकणेही थांबत नाही.