खरीप धानावरील किडी व रोग : गोंदिया जिल्ह्यासाठी सर्वेक्षण आणि व्यवस्थापन

गोंदिया जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत खरीप हंगामाचा अर्थ प्रामुख्याने धान असाच होतो. वैनगंगा, बाघ, चुलबंद आणि गाढवी या नद्यांचे पाणी, मालगुजारीच्या काळापासून चालत आलेले मामा तलाव आणि भरवशाचा पाऊस यांमुळे हे पीक येथे पिढ्यानपिढ्या टिकून आहे. परंतु विस्तीर्ण क्षेत्रावर एकच पीक असल्याने त्या पिकावर जगणाऱ्या किडींनाही अन्नाची वाण पडत नाही. इटियाडोह प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात आणि ओलिताची सोय असलेल्या इतर गावांत उन्हाळी धान घेतला जातो. त्याचे उरलेले धसकट, त्यातून फुटणारे पोंगे आणि धुऱ्यावरचे गवत यांच्या आधाराने किडी उन्हाळा काढतात व पावसाळ्यात पुन्हा बांधीत उतरतात. अशा परिस्थितीत शेजाऱ्याने फवारले म्हणून फवारणे, किंवा रोवणीनंतर ठराविक दिवस झाले म्हणून औषध टाकणे, हे खर्चाचे तर ठरतेच, शिवाय किडींचे नैसर्गिक शत्रू मारले गेल्याने पुढचा प्रादुर्भाव अधिक तीव्र होण्याची शक्यता असते. म्हणून बांधीत मोजलेली संख्या हाच प्रत्येक निर्णयाचा आधार असावा, हे या सल्ल्याचे मुख्य सूत्र आहे.

पाहणीची पद्धत

२००८ च्या खरिपात सोयाबीनवर अळ्यांचा मोठा उद्रेक झाल्यानंतर महाराष्ट्रात पुढील वर्षापासून क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला आणि धानाचाही त्यात समावेश झाला. नेमलेल्या शेतांत ठराविक अंतराने मोजणी करून त्या आकड्यांवरून सल्ला देणे, हे त्याचे तत्त्व असून तेच तत्त्व प्रत्येक शेतकऱ्याला स्वतःच्या बांधीत वापरता येते. रोवणीनंतर साधारण १५ दिवसांपासून आठवड्यातून एकदा, आणि ढगाळ व दमट हवामान सलग राहिल्यास दोनदा, सकाळच्या वेळी बांधीतून तिरप्या रेषेत चालत जावे. धुऱ्यालगतची झाडे सोडून एकरी २० चूड निवडावेत. आणि प्रत्येक चुडातील एकूण फुटवे, कीडग्रस्त फुटवे, तसेच बुंध्यावरील तुडतुडे मोजून वहीत लिहावेत. २० चुडांत मिळून २०० फुटवे आढळले आणि त्यांपैकी १२ कीडग्रस्त असले, तर प्रादुर्भाव ६ टक्के होतो.

हा आकडा आर्थिक नुकसानीच्या पातळीशी ताडून पाहावा. किडीची ज्या संख्येनंतर होणारी हानी उपायाच्या खर्चाहून अधिक ठरण्याची चिन्हे असतात, त्या संख्येला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. तिच्या खाली असताना फवारणी करणे म्हणजे पैसा वाया घालवणे होय. पाहणी करताना कोळी, चतुर, ढालकिडे आणि तुडतुड्यांची अंडी खाणारे मिरिड ढेकूण हे मित्रकीटकही मोजावेत, कारण ते भरपूर असतील तर पातळीच्या जवळ आलेली कीडही औषधाविना आटोक्यात राहू शकते.

पऱ्हे आणि रोवणी

व्यवस्थापनाची सुरुवात बियाण्यापासून होते. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून केलेल्या ३ टक्के द्रावणात बियाणे बुडवावे, वर तरंगणारे पोचट व रोगट दाणे काढून टाकावेत आणि तळाशी राहिलेले बियाणे स्वच्छ पाण्याने दोनदा-तीनदा धुऊन सावलीत वाळवावे. त्यानंतर शिफारस केलेल्या बुरशीनाशकाची प्रक्रिया करावी. पऱ्ह्यांच्या पानांच्या टोकांवर तपकिरी केसांनी झाकलेले अंडीपुंज आढळतात. ते पिवळ्या खोडकिड्याचे असल्याने रोवणीपूर्वी पऱ्ह्यांचे शेंडे खुडून नष्ट केल्यास किडीची पहिली पिढी बांधीत जाण्याआधीच कमी होते.

रोवणी दाट करू नये. हलक्या वाणांसाठी १५ × १५, मध्यम वाणांसाठी २० × १५ आणि भारी वाणांसाठी २० × २० सेंटिमीटर अंतर ठेवावे व दर दोन-तीन मीटरनंतर सुमारे ३० सेंटिमीटरचा पट्टा मोकळा सोडावा. या पट्ट्यांतून हवा व ऊन बुंध्यापर्यंत पोहोचते आणि पुढे फवारणी करणाऱ्यालाही पीक न तुडवता आत शिरता येते. नत्राची मात्रा एकदम न देता रोवणीच्या वेळी अर्धी, फुटवे येताना पाव आणि लोंबी धरण्याच्या सुरुवातीला पाव अशी विभागून द्यावी. जास्त नत्राने पीक हिरवेगार दिसते. पण त्याची पाने कोवळी व रसदार राहतात आणि तुडतुडे, पाने गुंडाळणारी अळी, करपा व कडाकरपा या चौघांनाही तेच पोषक ठरते.

फुटव्यांच्या काळात : गादमाशी आणि खोडकिडा

पूर्व विदर्भातील धानाची जुनी शत्रू असलेली गादमाशी डासासारखी दिसते. तिची अळी पानाच्या बगलेतून खाली सरकत वाढीच्या कोंबापर्यंत पोहोचते आणि तेथे खाऊ लागताच कोंबाचे पानात रूपांतर न होता कांद्याच्या पातीसारखी पोकळ नळी तयार होते. या नळीला चंदेरी पोंगा म्हणतात आणि अशा फुटव्याला लोंबी येत नाही. पावसाची रिपरिप, ढगाळ आकाश आणि उशिरा झालेली रोवणी हे घटक माशीच्या पथ्यावर पडतात. मात्र लोंबी धरण्याची अवस्था सुरू झाल्यावर तिच्या हल्ल्याचा धोका राहत नाही, त्यामुळे त्यानंतर गादमाशीसाठी औषध टाकणे निरर्थक असते.

फुटव्यांच्या अवस्थेत ५ टक्के चंदेरी पोंगे आढळल्यास उपाय करावा, परंतु त्याआधी काही पोंगे उभे चिरून पाहावेत. आत एकच लालसर अळी किंवा कोष असेल तर कीड वाढती आहे; त्याऐवजी अळीच्या कातडीत अनेक बारीक कोष भरलेले दिसले तर ती अळी प्लॅटिगॅस्टर नावाच्या परोपजीवी गांधीलमाशीने आधीच ग्रासलेली असते. असे पोंगे उपटून जाळू नयेत, तर कीड असलेल्या बांधीत दर १० चौरस मीटरला एक याप्रमाणे ठेवावेत, म्हणजे त्यांतून बाहेर पडणाऱ्या गांधीलमाश्या पुढील अळ्यांवर जगतात. ज्या बांधीत असे परजीवित पोंगे फारच थोडे असतील आणि पातळी ओलांडली असेल, तेथे फिप्रोनिल ०.३ टक्के दाणेदार एकरी १० किलो या प्रमाणात टाकावे. पूर्वी सर्रास वापरले जाणारे फोरेट हे औषध २०१८ च्या केंद्रीय आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाले असल्याने जुन्या साठ्यातील पिशव्यांचा वापर करू नये.

खोडकिड्याची अळी खोडात शिरून मधला पोंगा कुरतडते. तो पिवळा पडून वाळतो आणि हलकेच ओढला असता सहज निघून येतो. या लक्षणाला गाभेमर म्हणतात आणि चंदेरी पोंग्यापासून त्याची ओळख याच कसोटीने पटते. हाच हल्ला लोंबी बाहेर पडताना झाला तर लोंबी पांढरी व पोचट निघते आणि त्या अवस्थेत कोणतेही औषध गेलेले दाणे परत आणू शकत नाही, म्हणून नियंत्रण त्याआधीच व्हायला हवे. सर्वेक्षणासाठी एकरी दोन कामगंध सापळे लावावेत आणि नर पतंगांना आकर्षित करणारी त्यातील वडी ठरलेल्या मुदतीनंतर बदलावी. मोठ्या प्रमाणावर पतंग पकडायचे असल्यास एकरी आठ सापळे लागतात. पतंग दिसू लागताच ट्रायकोग्रामा जापोनिकम या अंडी-परजीवीची एकरी २०,००० अंडी असलेली कार्डे आठवड्याच्या अंतराने तीन ते चार वेळा सोडावीत. ५ टक्के गाभेमर, अथवा चौरस मीटरला एक अंडीपुंज किंवा एक पतंग, ही पातळी ओलांडल्यास क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल ०.४ टक्के दाणेदार एकरी ४ किलो द्यावे. दाणेदार औषध टाकताना बांधीत ७ ते १० सेंटिमीटर पाणी असावे आणि पुढील किमान चार दिवस ते बाहेर सोडू नये, कारण औषधाचे पाणी तलावात किंवा बोडीत उतरले तर मासे मरतात आणि त्या मासेमारीवर जगणाऱ्या ढीवर कुटुंबांचेही नुकसान होते.

तुडतुडे : बुंध्याकडे पाहण्याची सवय

२०१७ च्या खरिपात पूर्व विदर्भातील धानावर तुडतुड्यांनी इतके नुकसान केले, की त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राज्य सरकारने बोंडअळीग्रस्त कापसाबरोबर तुडतुडेग्रस्त धानासाठीही मदत जाहीर केली. ही कीड पानांवर न राहता पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, बुंध्यालगत बसून रस शोषते, त्यामुळे धुऱ्यावरून पाहणाऱ्याला पीक निरोगी वाटते आणि बांधीच्या मध्यभागी तांबूस, गोलाकार, जळाल्यासारखे चट्टे उमटल्यावरच ती लक्षात येते. तोपर्यंत तिच्या पिढ्या पूर्ण होऊन गेलेल्या असतात. म्हणून सप्टेंबरपासून प्रत्येक पाहणीत चूड किंचित वाकवून बुंध्यावर हलकी थाप मारावी आणि पाण्यावर पडलेले तपकिरी व पांढरट तुडतुडे मोजावेत.

सरासरी प्रत्येक चुडात ५ ते १० तुडतुडे आढळल्यास प्रथम बांधीतील पाणी काढून तीन-चार दिवस जमीन कोरडी पडू द्यावी व नत्राचा उरलेला हप्ता थांबवावा. प्रादुर्भाव सुरुवातीचा असून हवा दमट असेल, तर मेटाऱ्हायझियम ॲनिसोप्ली ही किडीला रोगग्रस्त करणारी उपकारक बुरशी एकरी १ किलो या प्रमाणात बुंध्यावर फवारता येते. संख्या वाढत राहिल्यास पायमेट्रोझीन ५० टक्के १२० ग्रॅम, डायनोटेफ्युरॉन २० टक्के ६० ते ८० ग्रॅम किंवा ट्रायफ्लुमेझोपायरिम १० टक्के ९५ मिलिलिटर यांपैकी कोणतेही एक औषध एकरी २०० लिटर पाण्यातून द्यावे. फवाऱ्याचे नोझल खाली झुकवून द्रावण बुंध्यावर पडेल अशी काळजी घेतली नाही, तर महाग औषधही निष्फळ ठरते. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारखी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे या काळात कटाक्षाने टाळावीत, कारण त्यांनी कोळी व मिरिड ढेकूण मरतात आणि वाचलेले तुडतुडे पूर्वीपेक्षा वेगाने वाढतात. पाने गुंडाळणाऱ्या अळीसाठी घाईने केलेली अशी एक फवारणी तुडतुड्यांच्या उद्रेकाची सुरुवात ठरू शकते.

रोगांची ओळख आणि उपाय

करप्याचे ठिपके दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखाडी आणि कडेला तपकिरी असतात. रात्री थंड, पहाटे दव आणि हवेत सतत ओलावा अशी स्थिती येताच ते झपाट्याने पसरतात. हीच बुरशी लोंबीच्या मानेवर आली म्हणजे मान काळी पडून मोडते व दाणे भरत नाहीत, म्हणून पानांवर ठिपके वाढू लागताच, तसेच लोंबी निसवण्याच्या वेळी हवामान अनुकूल असल्यास, आयसोप्रोथिओलेन ४० टक्के एकरी ३०० मिलिलिटर २०० लिटर पाण्यातून फवारावे. पाण्याच्या पातळीजवळच्या पर्णकोषावर, म्हणजे खोडाला वेढणाऱ्या पानाच्या भागावर, सापाच्या अंगावरील नक्षीसारखे चट्टे दिसले तर तो पर्णकोष करपा समजावा. त्यासाठी हेक्झाकोनॅझोल ५ टक्के २ मिलिलिटर प्रति लिटर या प्रमाणात बुंध्याकडे फवारावे.

कडाकरपा मात्र जिवाणूजन्य आहे आणि त्याचे उपचार वेगळे आहेत. पानाच्या टोकापासून कडेने खाली सरकणारे, नागमोडी काठाचे पिवळसर पट्टे हे त्याचे लक्षण. खात्री करण्यासाठी बाधित पानाचा ताजा तुकडा काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात धरल्यास कापलेल्या टोकातून दुधट धार उतरताना दिसते. बुरशीनाशकाने हा रोग बरा होत नाही, त्यामुळे त्याला करपा समजून केलेला खर्च वाया जातो. वादळी पावसानंतर रोग दिसताच नत्र थांबवावे, पाणी काढून बांधी काही दिवस कोरडी ठेवावी आणि रोगट बांधीतील पाणी शेजारच्या बांधीत सोडू नये. स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकांच्या शेतीतील वापरावर केंद्राच्या २०२१ च्या आदेशाने बंदी आली असल्याने ती वापरण्याचा जुना सल्ला आता लागू होत नाही.

कापणीच्या तोंडावर आणि कापणीनंतर

धान पिकत आल्यावर लष्करी अळी रात्री लोंब्या कुरतडून खाली पाडते आणि दिवसा बुंध्याशी व जमिनीच्या भेगांत दडते. चौरस मीटरला चार-पाच अळ्या आढळल्यास संध्याकाळी उपाय करावा, कापणीयोग्य धान लगेच कापावा आणि पक्ष्यांना बसण्यासाठी बांधीत काठ्या रोवाव्यात. या टप्प्यावर फवारणी करताना लेबलावर दिलेला प्रतीक्षाकाल, म्हणजे शेवटची फवारणी आणि कापणी यांमधील सुरक्षित दिवसांचे अंतर, पाळणे आवश्यक आहे. कापणी जमिनीलगत करून धसकट नांगरून गाडल्यास त्यातील खोडकिड्याच्या अळ्या नष्ट होतात, आणि जेथे उन्हाळी धान घ्यायचा आहे तेथे ही नांगरणी टाळता येणार नाही.

फवारणीच्या सुरक्षिततेबाबत २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात झालेल्या विषबाधांनी पुरेसा इशारा दिला आहे: उपाशीपोटी, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने किंवा तोंड-नाक-हात न झाकता फवारणी करू नये आणि मनाने दोन-तीन औषधे एकत्र मिसळू नयेत. औषध निवडण्यापूर्वी त्याच्या लेबलावर धान व संबंधित कीड यांचा उल्लेख आहे का, हे पाहावे. लक्षणांबाबत शंका असल्यास बाधित चूड मुळासकट घेऊन हिवरा येथील कृषी विज्ञान केंद्र, साकोलीचे कृषी संशोधन केंद्र किंवा सिंदेवाहीचे विभागीय कृषी संशोधन केंद्र यांच्याकडे निदान करून घ्यावे. पुढील हंगामासाठी गादमाशी व कडाकरप्याला प्रतिकारक वाणांची चौकशीही तेथेच करता येते. पाहणीच्या वहीतील आठवडावार आकडे अशा भेटीत सोबत असले, तर कोणत्या बांधीत कोणती कीड केव्हा चढली हे तज्ज्ञांना समजते आणि पुढील खरिपाचे वाण, रोवणीची वेळ व सापळ्यांची जागा त्यावरून ठरवता येते.